दक्षिण नागपुरातली एक विमा शाखा: हप्ता पाच मिनिटांत, मॅच्युरिटीला तीन खेपा

रेटिंग: ५ पैकी २

नुसता हप्ता भरायचा असेल तर इथे तक्रारीला जागा नाही. कॅश खिडकी वेळेवर उघडते, पावती लगेच हातात पडते, उन्हाळ्यात कूलर चालू असतो आणि खिडकीमागचा माणूस नीट बोलतो. घोडं अडतं ते सर्व्हिसिंगला, म्हणजे मॅच्युरिटी (मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम), डेथ क्लेम (विमाधारकाच्या मृत्यूनंतरचा दावा), रिव्हायवल (बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणं) आणि नावातली दुरुस्ती. उमरेड, कुही, भिवापूरहून एसटीने येणाऱ्या माणसाला एकाच कामासाठी तीन खेपा पडतात आणि दर खेपेला त्याचा रोज बुडतो.

स्टाफ कमी आहे, असं उत्तर मिळतं. कमी आहेच, पण उशिराचं मूळ आवकच्या, म्हणजे आलेले कागद घेण्याच्या, टेबलावर आहे. तिथे कागद न उघडताच शिक्का बसतो. मग फाइल स्कॅनिंगला जाते, तिथून छाननीला, आणि काय राहिलं ते आठव्या-दहाव्या दिवशी कळतं. ग्राहकाला फोन जातो तोही एकाच त्रुटीचा. ती भरून आणली की पुढची निघते.

मॅच्युरिटीच्या फाइली परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे बँकेचा तपशील. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. ग्राहक कपाटातल्या जुन्या चेकबुकातला चेक रद्द करून जोडतो, त्यावर जुनाच आयएफएससी (बँक शाखेचा कोड) असतो आणि पाठवलेली रक्कम परत येते. चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं नसलं तर पासबुकाचं पहिलं पान लागतं, हे कोणी आधी सांगत नाही. बायकांच्या पॉलिसीत बॉण्डवर, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावर, माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, तिथे विवाह नोंदणीचा दाखला लागतो. डिस्चार्ज फॉर्मवर (रकमेच्या पोचपावतीवर) १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट राहतं, ते वेगळंच. यातली प्रत्येक गोष्ट खिडकीवर दोन मिनिटांत दिसते.

स्कॅनिंगच्या टेबलावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी दुसरी अडचण दिसते. आवकवाला फॉर्म, आधार, पॅन, चेक असा गठ्ठा करून दोन पिना मारतो. स्कॅनिंगवाली त्या नखाने काढते, कोपरा फाटतो, फाटका कागद मशीनमध्ये अडकतो. आधारची झेरॉक्स काळपट असली की फोटो ओळखू येत नाही आणि स्कॅन पुन्हा मागवलं जातं. पिनांऐवजी साधे क्लिप दिले तरी हे टेबल मोकळं होईल.

रिव्हायवलचं दुखणं जरा वेगळं आहे. थकबाकी आणि व्याजाचा आकडा ठरावीक तारखेपर्यंतचाच असतो. ग्राहक पैसे आज भरतो आणि मेडिकल रिपोर्ट पंधरा दिवसांनी येतो. तोवर व्याज वाढतं, पाच-पन्नास रुपये कमी पडतात आणि सगळी रक्कम सस्पेन्समध्ये, म्हणजे पॉलिसीत जमा न होता तात्पुरत्या खात्यात, पडून राहते. पॉलिसी चालू झाली, असं समजून घरचे निर्धास्त असतात, प्रत्यक्षात विमा बंदच. मेडिकल आधी आणि आकडा त्यानंतर, असा क्रम लावला तर हे टळतं.

डेथ क्लेमला तर ही ढिलाई अजिबात चालू नये. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी लागत नसेल तर १५ दिवसांत आणि लागली तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा आहे. इथे त्यातले दहा दिवस पहिली त्रुटी कळवण्यातच जातात. समोर नवरा गमावलेली बाई बसलेली असते, तिला तुकड्या-तुकड्यांनी कागद मागणं हा नुसता उशीर नाही, छळ आहे.

सुधारणेला नवं सॉफ्टवेअर लागणार नाही. सर्व्हिसिंगमधला सगळ्यात जाणता माणूस सकाळी १० ते १२:३० आवकला बसवावा. चार कामांच्या चार मराठी यादी-चिठ्ठ्या छापाव्यात, कमी असलेल्या सगळ्या कागदांवर एकाच वेळी खूण करून चिठ्ठी हातात द्यावी, आणि पूर्ण फाइलच आत घ्यावी. पेंडिंगचं रजिस्टर दिवसांप्रमाणे लावावं: ३ दिवसांवरचं, ७ वरचं, १५ वरचं. शाखाधिकाऱ्यांनी रोज फक्त शेवटचा रकाना बघावा. मॅच्युरिटीची यादी तीन महिने आधी काढून फोन केले तर निम्मी गर्दी आधीच ओसरेल. वीस-तीस पॉलिसींचे हप्ते घेऊन येणाऱ्या एजंटांना दुपारी तीननंतरची वेळ द्यावी. मार्चमध्ये सर्व्हिसिंगची माणसं नव्या प्रपोजलकडे (नव्या पॉलिसींच्या अर्जांकडे) वळवली जातात, त्याची थकबाकी पुढे मे महिन्यापर्यंत निस्तरावी लागते. ती प्रथा बंदच व्हावी.

आणि भिंतीवरचा तक्ता बदला. वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तक्त्यावर जुनाच दर आहे, आणि त्यावरून खिडकीवर रोज वाद होतो.

तोवर इथे जाणाऱ्यांनी सोमवार आणि महिनाअखेर टाळावी. बॉण्ड मूळ न्यावा, पासबुक नव्या आयएफएससीचं न्यावं, रेव्हेन्यू तिकीट घरूनच लावून न्यावं. कागद दिल्यावर आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच मागून घ्यावी. नुसत्या शिक्क्यावर परत फिरू नये.