व्हीलचेअरवरचा सहकारी: तळमजल्यावर जागा की तिसऱ्या मजल्यावर इव्हॅक्युएशन चेअर?

पुण्यात एचआर बघणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न. टीम तिसऱ्या मजल्यावर, नवा सहकारी व्हीलचेअरवर, आणि आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. करायचं काय? त्याला तळमजल्यावर जागा द्यायची, की वरच ठेवून इव्हॅक्युएशन चेअर (आणीबाणीत माणसाला बसवून जिन्यावरून खाली नेायची खुर्ची) घ्यायची?

खर्चात तळमजला फुकटचा वाटतो. पण दारात तीन पायऱ्या असतील तर? 15 सेंमीची एक धरली तरी चढ 45 सेंमीचा, म्हणजे 1:12 उताराने (1 सेंमी चढाला 12 सेंमी लांबी) जवळपास साडेपाच मीटरचा रॅम्प. शिवाय टॉयलेटचं दार पुरेसं रुंद हवं.

'चेअर भिंतीला टांगा, झालं काम' असं विक्रेता सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. ती जिन्यावरून सरकते खरी, पण चालवायला शिकलेला माणूस लागतो. तो रजेवर असला तर? म्हणून दर पाळीत दोघं-तिघं तयार हवेत आणि त्यांचा सरावही. (आपल्याकडे मॉक ड्रिल म्हणजे खाली जाऊन चहा!) व्हीलचेअरवरून इव्हॅक्युएशन चेअरमध्ये बसणं प्रत्येकाला जमेलच असं नाही, ते त्या सहकाऱ्यालाच विचारा.

सुरक्षेत तळमजला सरस, कुणाच्या मदतीशिवाय बाहेर पडता येतं. पण बैठका वर होणार असतील तर माणूस एकटा पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आस्थापनांना समान संधी धोरण बंधनकारक आहे. 'तुझ्याच सुरक्षेसाठी' म्हणून त्याला परस्पर खाली हलवणं माझ्या मते त्यात बसत नाही.

रात्रपाळी किंवा मोजका स्टाफ असेल तर तळमजलाच, जमल्यास अख्खी टीम खाली आणून. प्रशिक्षित माणसं कायम हजर असतील, तर चेअर.