स्ट्रिपवरचं नाव कापलेल्या गोळ्या

मूल होत नाही म्हणून दवाखाने पालथे घालणाऱ्या जोडप्यांना ‘अंडं फुटायची खात्रीची औषधं’ विकणारा एक इसम कोल्हापुरात आहे. तक्रार चालू असल्यानं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते.

माझी पाळी दोन-दोन महिने लांबते. पीसीओडी आहे, म्हणजे बीजकोशातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास. सासूबाईंना महाद्वार रोडला ओळखीच्या एका बाईंनी पत्ता दिला. भाड्याचा गाळा, भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो, कोपऱ्यात फ्रिज. पॅकेज ४५,००० रुपये, निम्मे आगाऊ.

गोळ्या पाकिटात सुट्ट्या दिल्या. स्ट्रिपचं नाव कापलेलं. विचारल्यावर म्हणाला, “ताई, हे औषध सरकारनं बंद केलंय. आमच्याकडं आतून येतंय. बिल मागू नका.” बेरकीपणा बघा, ही थाप निम्मी खरी आहे! त्या गोळ्या लेट्रोझोलच्या होत्या. हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. वंध्यत्वासाठी ते वापरायला भारतात २०११ मध्ये खरोखरच बंदी आली होती. पण २०१७ मध्ये ती उठली. आज ते कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर, बिलासकट मिळतं. एका तुकड्यावर ‘ट्रोझोल’ एवढी अक्षरं कापायची राहिली होती, त्यावरून कळलं.

मग फ्रिजमधली ‘परदेशी’ इंजेक्शनं सुरू झाली. बाटली, खोकं कधीच दाखवलं नाही. त्यात काय होतं ते आजही कळलेलं नाही. पोट फुगलं, वजन वाढलं, जिना चढताना दम लागायला लागला. तर म्हणे, “औषध लागू पडतंय.” वर मुलगाच हवा असेल तर १०,००० जादा! १९९४ च्या कायद्यानं गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा आहे, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दम लागला त्याच दिवशी राजारामपुरीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या चिडल्याच. हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी बीजकोश प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी होऊ शकतं, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून तर सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती बारीक पिशवी, मोजत मोजत डोस ठरवायचा असतो. त्या गाळ्यात सोनोग्राफीचं मशीनच नव्हतं. यांची वीर्यतपासणीही कुणी सांगितली नव्हती. बाईंनी आधी तीच लिहून दिली.

सगळं निवळल्यावर त्यांनी रीतसर उपचार सुरू केले: पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, पाच दिवस. मग सोनोग्राफी. फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचं झालं की बीज बाहेर पडायला लावणाऱ्या एचसीजी हॉर्मोनचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. पाच गोळ्यांचे पैसे ऐकून सासूबाई गप्पच झाल्या.

तुम्हाला कुणी असं औषध देत असेल तर अख्खी स्ट्रिप मागा, बॅच नंबर आणि मुदत बघा, इंजेक्शनचं खोकं घरी आणा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. कापलेले तुकडे, पाकिटं टाकू नका. आम्ही तीच अन्न व औषध प्रशासनाकडं दिली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. गाळा रिकामा झालाय, पण तोच माणूस आता गावोगावच्या बचत गटांत ‘मोफत तपासणी शिबिर’ घेतोय, असं कागलच्या नणंदेनं परवाच कळवलं.