ओतीव की तारेची? आकार लक्षात ठेवणारी स्प्रिंग

वाळूजला स्प्रिंगा बनवणाऱ्यांना तार गुंडाळायची सवय आहे, त्यामुळे निकेल-टायटॅनियमची, म्हणजे ताणली तरी तापवल्यावर मूळ आकारात परतणारी, स्प्रिंग साच्यात ओतायची कल्पना त्यांना आधी खटकते. खटकावी, पण लगेच मोडीत काढू नये.

ओतीव स्प्रिंगचा खरा फायदा आकारात आहे. टोकाचे हूक, कमी-जास्त जाडीचे वेढे, सगळं एकसंध मिळतं. ही मिश्रधातू थंड स्थितीत तार म्हणून ओढताना पटकन कडक होते, तारेला पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावं लागतं; तो खटाटोप वाचतो. मात्र वितळलेलं टायटॅनियम ऑक्सिजन आणि कार्बन ओढून घेतं, म्हणून निर्वात भट्टी हवीच. निकेलचं प्रमाण ०.१ टक्का जरी सरकलं, तरी आकार परतण्याचं तापमान दहाएक अंशांनी हलू शकतं.

ताकदीत तार पुढे. ओतकामात धातूचे कण मोठे राहतात, बारीक पोकळ्या उरतात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये सर्वाधिक ताण वेढ्याच्या आतल्या बाजूला येतो. तिथेच पोकळी निघाली की चीर तिथूनच सुरू होते. ओढून लांबवलेली स्प्रिंग गरम पाण्यात टाका: दोन्ही आक्रसतील, पण ओतीव थोडी लांब राहण्याची शक्यता जास्त.

शेडनेटची खिडकी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा स्प्रिंगने रोज उघडायची असेल, तर मी तारेचीच घेईन. मोजक्या वेळा चालणाऱ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या भागाला ओतीव जरूर करून बघावी, आधी एक्स-रे काढून.