सशाची पिल्ले घेऊन गेलो त्या दवाखान्याविषयी

कडोली भागातील आमच्या शेतात दिवाळीच्या आधी रताळी काढण्याचे काम चालू असताना, ओढलेल्या वेलांखाली सशाची तीन पिल्ले सापडली. मजुरीला आलेल्या एका बाईंनी “आई टाकून गेली बघा, मामा” असे म्हटले, आणि मी काही बोलण्यापूर्वीच माझ्या भाचीने ती ओढणीत उचलून घेतली. तासाभरात आम्ही बेळगावातील एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात पोहोचलो. त्या दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रारही नोंदवायची आहे.

आधी तक्रारच सांगतो. नोंदणीच्या टेबलावरील मुलाने खोक्याकडे बोट दाखवून “मोल?” असे विचारले. कन्नडमध्ये सशाला मोल म्हणतात हे मला ठाऊक आहे, परंतु घाईत मी “विकायची नाहीत” असे उत्तर दिले, आणि त्यावर बाकावरील सर्वजण हसले. इथपर्यंत ठीक होते. मात्र त्यानंतर आम्हाला चार भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी पाऊण तास बसवून ठेवण्यात आले, आणि दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी खोक्याचे झाकण उघडून फोटो काढत होते. रानातला ससा माणसाच्या हाताळण्याने आणि गोंगाटाने इतका धसका घेतो की जखम नसतानाही तो दगावू शकतो. हे आम्हाला आत गेल्यावर डॉक्टरांनीच सांगितले. तसे असेल तर वन्य प्राण्यांसाठी एखादा अंधारा कोपरा राखून ठेवणे या दवाखान्याला अवघड नव्हते.

डॉक्टरांच्या कामाविषयी मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. वाट पाहताना भाचीने मोबाइलवर बरेच वाचले होते: बिळावर दोरे आडवे-उभे टाकून ठेवावेत, सकाळी ते हललेले दिसले तर आई येऊन गेली असे समजावे, वगैरे. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि हा सल्ला अमेरिकेतील रानटी रॅबिटसाठी आहे असे समजावले. त्या जातीची पिल्ले उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात, आणि आई त्यांना गवताने व स्वतःच्या केसांनी मऊ केलेल्या खड्ड्यात झाकून ठेवते. आपल्या रानातला ससा निराळा आहे. तो बीळ करत नाही. त्याची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात, आणि आई त्यांना झुडपाच्या किंवा पिकाच्या आडोशाला उघड्यावरच ठेवून दूर जाते. सतत जवळ राहिली तर तिच्या वासाने कोल्ह्याकुत्र्यांना माग लागेल, म्हणून ती बहुधा दिवस मावळल्यावर एकदाच येते, काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. थोडक्यात, आमची पिल्ले कोणी टाकून दिलेली नव्हतीच. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना घेत नाही ही समजूतही डॉक्टरांनी खोडून काढली.

त्यांनी तिन्ही पिल्ले झटपट तपासली. जखम, माश्यांची अंडी, मुंग्यांचे चावे किंवा अंगाला गारठा, यांपैकी काही आढळले असते, किंवा आई मेलेली सापडली असती, तरच उपचारांची गरज होती. मांजराने तोंडात धरलेले पिल्लू मात्र वरून धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी दाखवावे, असे त्यांनी बजावले. आणि अशा वेळी घरातल्या माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांतील पेनिसिलिन गटाची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो मरू शकतो. गाईचे दूध पाजण्याचा आमचा बेतही त्यांनी मोडला. सशीचे दूध त्याहून कितीतरी दाट असते, गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते, आणि ड्रॉपरने घाईत पाजलेले दूध फुप्फुसात जाते.

भाचीला एक पिल्लू तरी ठेवून घ्यायचे होते. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळणे गुन्हा आहे, असे डॉक्टरांनी तिला हसत पण ठामपणे सांगितले. एवढ्यासाठी 150 रुपये घेतले, औषध एकही लिहिले नाही. टॉनिकाच्या दोन बाटल्या सहज खपवता आल्या असत्या, म्हणून याची मुद्दाम नोंद करतो.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही दिवस मावळण्यापूर्वी पिल्ले परत नेली. मूळ जागा वेल ओढल्याने उघडी पडली होती, म्हणून पाचसहा पावलांवरच्या न काढलेल्या वेलांत ती ठेवली, त्या तीन सऱ्या आठवडाभर तशाच सोडल्या आणि कुत्रा बांधून ठेवला. तिसऱ्या दिवशी पिल्ले तेथे नव्हती. रक्त नव्हते, केसही विखुरलेले नव्हते. ती आपल्या पायांनी दुसऱ्या आडोशाला गेली असावीत असे मी धरून चालतो.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा त्या बाकावरच्या पाऊण तासासाठी कापला आहे. जाणाऱ्यांनी आधी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, पिल्ले खरोखर जखमी असतील तरच उचलावीत, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर खोके गाडीतच, सावलीत, कोणाला तरी सोबत बसवून ठेवावे व नंबर लागल्यावरच आत न्यावे.