सांखेड्याची बुटकी खुर्ची: मरूनच घ्या

दिवसाचे नऊ तास मी लोकांच्या ॲपमधली बटणं कमी करत असते. "अजून साधं करा" हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी माझ्या तोंडून निघतं. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत मी मरून-सोनेरी वेलबुट्टीची, लाकडी गोंडेवाली सांखेडा खुर्ची आणून ठेवली तेव्हा आईने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तू निवडलंस?"

हो, मीच. तीन महिने रोज बसतेय, आता बोलायला हरकत नाही.

बडोद्यात ही खुर्ची मिळते, पण मला कारागिराला काम करताना बघायचं होतं. म्हणून रविवारी बाबांना गाडी काढायला लावली. सांखेडा पन्नासेक किलोमीटरवर, ओरसंगच्या काठी, सध्या छोटा उदेपूर जिल्ह्यात. वाटेत डभई लागते, आणि डभई आली की बाबा तिथल्या 1731 च्या लढाईवर येतात. बाजीराव पेशवे, त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले सेनापती त्र्यंबकराव दाभाडे, दाभाड्यांच्या बाजूने लढलेले बडोद्याचे पिलाजी गायकवाड... "म्हणजे आपण हरलेल्या बाजूचे," हे बाबा दर वेळी इतक्या आनंदाने सांगतात की चहा जास्तीचा मागवावा लागतो.

दुकानात पुढे माल, मागे कारखाना. हे काम लाकूड कातणाऱ्या खरादी समाजाच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सागवानाचा दांडा यंत्रावर फिरत होता, पटाशी टेकली की भुसा उडायचा आणि लाकडाला मणी फुटायचे. शेजारी एक काका बारीक कुंचल्याने पानं काढत बसले होते, राखाडी-चंदेरी रंगात. मला वाटलं, हे चांदीचं मॉडेल असणार. तर नाही! ते कथील. त्यावर लाखेचा पारदर्शक पिवळसर थर चढला की तेच कथील सोनेरी दिसायला लागतं. म्हणजे ज्या सोन्याला आपण लग्नाच्या मांडवासारखं म्हणून नाकं मुरडतो, त्यात सोन्याचा कणही नाही. कथील, लाख आणि डोळ्यांची फसवणूक. स्क्रीनवर थरांचे खेळ करून पोट भरणाऱ्या बाईला याहून काय आवडणार? मग अकीकाच्या दगडाने घोटाई, आणि चकाकी. सावंतवाडीच्या भातुकलीवर वाढलेली मी, लाखेचा गुळगुळीतपणा माझ्या बोटांना ओळखीचा होता.

दुकानदाराने हस्तिदंती-चंदेरी आणि काळीही दाखवली. "आजकल आ चाले छे." चालत असेल. मला ती हॉटेलच्या लॉबीतल्यासारखी वाटली. बावन्नशेवरून साडेचार हजारांवर सौदा ठरला, गादी वेगळी.

आता जवळून. खुर्चीच्या हाताच्या टोकाला जो लाकडी गोंडा आहे, तो मी दुकानात शोभेचा समजले होते. घरी आजी बसली आणि उठताना तिचे दोन्ही तळवे आपोआप त्या गोंड्यांवर गेले. बैठक जमिनीपासून जेमतेम दहा इंच, तिच्या गुडघ्यांना उठणं जड, पण गोंडा मुठीत बरोब्बर मावतो. ज्याला मी नक्षी म्हणत होते ती मूठ निघाली. कार्यालयात हे मी काढून टाकायला सांगितलं असतं, शंभर टक्के. पाठीच्या दांड्यांवरची पानंही बघा: दोन पानं सारखी नाहीत, एकाचा देठ चक्क चुकून जाड झालाय. तेच माझं लाडकं पान.

तक्रारी आहेत. पाठीचे मणी खांद्याच्या हाडांना टोचतात, लॅपटॉप घेऊन अर्ध्या तासावर बसू नका. खाचांत धूळ बसते, जुना टूथब्रश लागतो. आणि लाखेला उष्णता सोसत नाही, हे दुकानदाराने बजावलं होतं तरी मी चहाचा कप खुर्चीच्या हातावर ठेवलाच. पांढरट गोल डाग पडला, तो अजून आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवते.

एक तक्रार मात्र मला मागे घ्यावी लागली. खुर्ची डुगडुगत होती. मी तावातावाने फोन केला, एक पाय आखूड आहे म्हणून. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बेन, खुरशी सीधी छे, तमारी लादी वांकी छे." मी चिडून मोबाइलमधली लेव्हल लावली. लादी वाकडीच. गॅलरीला पाणी वाहून जायला उतार असतो, हे मला, डिझायनरला, सुचलं नव्हतं. खुर्ची भिंतीकडे चार बोटं सरकवली, डुगडुग थांबली.

एकच अडचण उरली आहे: खुर्ची आता माझी नाही. सकाळी आजी तिच्यावर मेथी निवडते, दुपारी पेपर वाचते, आणि मी ऑफिसातून आले की "बस गं" म्हणते, उठत मात्र नाही. दिवाळीआधी दुसरी आणायची आहे, पुन्हा मरूनच. बाबांनी पिलाजींची उजळणी सुरू केली आहे.