आधी कोणती आई वाचावी: पेलागेया की सुजाता?

आईच नायिका असलेली कादंबरी हवी आहे आणि मॅक्सिम गॉर्कींची ‘आई’ घ्यावी की महाश्वेता देवींची ‘हजार चुराशीर मा’, हे ठरत नाही, असं असेल तर मुलांकडे बघा. दोघांचेही मुलगे क्रांतीच्या वाटेने गेलेत. पण गॉर्कींचा पावेल जिवंत आहे, त्याची आई त्याच्या मागोमाग चालू शकते. महाश्वेतांचा ब्रती मारला गेलाय. त्याची ओळख त्याच्या आईला, सुजाताला, त्याच्या माघारी करून घ्यावी लागते.

गॉर्कींनी ‘आई’ १९०६ मध्ये लिहायला घेतली. त्यामागे रशियातल्या सोर्मोवोच्या कामगारांचा १९०२ चा मे दिनाचा मोर्चा आणि एक खरीखुरी मायलेकरांची जोडी होती. पेलागेया निलोव्हना चाळिशीची. नवऱ्याच्या माराने इतकी दबलेली, की चालतानाही कुठे धक्का लागेल या भीतीने अंग चोरते. मुलगा तुरुंगात जातो. कारखान्यात पत्रकं येतच राहिली तर संशय त्याच्यावरून उठेल, एवढं तिला कळतं आणि जेवण विकायच्या निमित्ताने ती अंगाला बांधून पत्रकं आत नेते. कारण निव्वळ आईपणाचं. पुढे मात्र ते काम तिचं स्वतःचं होतं. या वयात ती अक्षरं गिरवायला बसते, तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात. तिचं धाडस मला मोर्चाइतकंच त्या अक्षरांत दिसतं. उत्तरार्धात भाषणं फार आहेत, तिथे धीर धरावा लागतो. शेवट सांगत नाही. तो वाचायलाच हवा.

महाश्वेतांची कादंबरी १९७४ ची. नक्षलवादी चळवळीच्या काळातलं कलकत्ता, आणि सारा पट एकाच दिवसाचा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. तारीख १७ जानेवारी. ब्रतीचा वाढदिवस हाच आणि मृत्यूचा दिवसही हाच. शवागारात तो फक्त १०८४ क्रमांक होता. वडिलांना घाई प्रकरण दडपायची. दोन वर्षांनी त्याच दिवशी घरात मुलीच्या साखरपुड्याची गडबड आहे. बँकेत नोकरी करणारी, सुखवस्तू घरातली सुजाता मात्र पोटातली कळ सोसत ब्रतीच्या मित्राच्या आईकडे जाते, त्याच्या मैत्रिणीला भेटते. पत्रकं नाहीत, मोर्चा नाही. ‘माझा मुलगा कोण होता?’ हे विचारायची हिंमत तिच्यात आहे, आणि त्या घरात तीच सर्वांत अवघड होती. आकाराने लहान पुस्तक, पण एका बैठकीत वाचलं तर रात्री झोप येत नाही.

माझ्या मते आधी गॉर्की घ्यावेत. आई माणूस म्हणून कशी वाढत जाते, हे तिथे पायरीपायरीने दिसतं, आणि मग सुजाताचं उशिरा पोचणं जास्त लागतं. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, त्यांनी मात्र महाश्वेता थोड्या थांबून वाचाव्यात.