कळीच्या भावात खडूची पूड : गोठ्याला चुना मारून घेण्याआधी वाचा

वसुबारसेला आठ-दहा दिवस राहिले की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात गाडीला बॅटरी पंप बांधून दोघं-तिघं जण दारोदार फिरू लागतात. "गोठ्याला सुण्णा (चुना) मारून देतो, तीन हात, जंतू मरायची गॅरंटी." २०२२ साली लम्पीची साथ येऊन गेल्यापासून 'जंतू' शब्द कानावर पडला की शेतकरी भावात घासाघीस करत नाही. अर्ध्या दिवसात काम उरकतं, गोठा पांढराशुभ्र दिसतो, पैसे चुकते होतात.

तीन आठवड्यांनी म्हैस भिंतीला अंग घासते आणि एका कुशीला पांढरी होऊन बाहेर येते. भिंतीवर तळहात फिरवला तर पीठ लागतं. खाली दोन फुटांपर्यंत हिरवट बुरशी, आणि जांभ्याच्या भोकांत गोचीड होती तशीच. खानापूर बाजूच्या एका गोठ्याचं हे चित्र आहे. तिथे भिंतीवर चुना कधी बसलाच नव्हता. पिंपात खडूची पूड, थोडा डिंक आणि भरपूर नीळ होती.

खडूची पूड आणि चुना दिसायला भाऊ-भाऊ, पण गुणात काही नातं नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी, पाण्यात विरला की अतिशय तिखट, अल्कलीयुक्त होतो. ओल्या भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड बनतो, भेगा बुजवतो. जंतूंना आणि गोचिडीच्या अंड्यांना त्रास होतो तो या तिखटपणाचा आणि बुजलेल्या भेगांचा. खडू, रांगोळीची पूड, डोलोमाइटची भुकटी हे आधीच दगड होऊन बसलेले पदार्थ. ते भिंत धरत नाहीत, त्यांना डिंकानं चिकटवावं लागतं. गोठ्यातल्या ओलीत तो डिंक बुरशीचं खाद्य होतो.

दुसरी फसवणूक शिळ्या चुन्याची, आणि ती जास्त चलाखीची. १०० किलो शुद्ध चुनखडी नीट भाजली की ५६ किलो कळी उरते, बाकीचा ४४ किलो वायू भट्टीतून निघून जातो. ही कळी उघडी राहिली की आधी हवेतली ओल पिते, ५६ ची ७४ होते. मग पुन्हा हळूहळू वायू घेत १०० कडे सरकते. म्हणजे चुना मरत जातो आणि वजनात वाढत जातो. पावसाळाभर गोदामात पडलेलं फाटकं पोतं विकणाऱ्याला दोन्हीकडून परवडतं. 'बागलकोटकडचा ताजा माल' म्हटलं की आपल्याला पुरतं. तिकडे चुनखडी आहे हे खरं, पण पोतं कधीचं आहे ते त्यावरून कळत नाही.

शहराजवळ आणखी एक माल खपवला जातो, गॅस वेल्डिंगच्या कार्बाइडचा गाळ. तो रसायनानं चुनाच असतो, म्हणून साध्या परीक्षेत सुटतो. पण रंग राखाडी-निळसर आणि वास लसणासारखा. दूध वास ओढून घेतं, त्यामुळे दूध काढायच्या जागी हा नकोच. फिनेल घातलेला चुनाही तिथे नको, कारण तेच.

आता परीक्षा. ती भिंतीवर करू नका. चांगला चुनाही महिन्याभरात दगड बनलेला असतो, त्यावर लिंबू पिळलं की खडूसारखाच फेस येतो. असा फेस दाखवून भांडायला गेलं की ठेकेदार त्याच्या खऱ्या चुन्याची भिंत दाखवून आपल्यालाच खोटं पाडतो. परीक्षा पोत्यातल्या मालाची करायची, काम सुरू व्हायच्या आधी.

कळीचा एक खडा हातात घ्या. नीट भाजलेला खडा आकाराच्या मानानं हलका लागतो; जड लागला तर आत कच्चा दगड आहे. पत्र्याच्या डब्यात तीन लिटर पाणी घेऊन त्यात एक किलो कळी हळूहळू सोडा. आधी पाणी, मग कळी. उलट केलं तर अंगावर उडते. प्लास्टिकची बादली नको, उष्णतेनं मऊ पडते. ताजी कळी थोड्याच मिनिटांत फुटते, फुगते, वाफ सोडते, पाणी उकळल्यासारखं होतं. नुसतं कोमट झालं तर माल मेलेला आहे. विरल्यावर तळाशी राहिलेले खडे गाळून तोला. किलोमागे १०० ग्रॅमच्या वर निघाले तर पोतं परत करा.

मग हळद. चिमूटभर हळदीवर चुन्याचं पाणी टाकलं की ती कुंकवासारखी लाल होते. खडूच्या पाण्यात पिवळीच राहते, फार तर किंचित नारिंगी. पण खडूत मूठभर चुना मिसळला तरी हळद लाल होते, हे फिरत्या टोळ्यांनाही माहीत आहे. म्हणून त्याच मालावर लिंबूही पिळा. लाल झाली आणि फेसही आला तर भेसळ किंवा शिळा चुना. लाल झाली आणि फेस जवळजवळ नाही तर ठीक.

"घरूनच भिजवून आणलाय, तुमचा वेळ वाचतो," हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मुळात त्यात चूक काही नाही, पाण्याखाली मुरलेला चुना उलट चांगला. पण भिजवलेल्या पिंपात उकळी पाहायला मिळत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. तांब्याभर माल रात्रभर न हलवता ठेवा. चुन्याच्या निवळीवर सकाळी बर्फासारखा पातळ पापुद्रा धरलेला असतो. खडूच्या पाण्यावर धरत नाही.

पंपानं मारणं ही सोय त्यांची, आपली नाही. दाट चुन्यानं पंपाचं नोझल तुंबतं, म्हणून तो ताकासारखा पातळ करतात आणि त्यानं भेगा बुजत नाहीत. चुना कुंच्यानंच बसवायचा: एक हात वरून खाली आणि खालून वर, तो सुकायच्या आत आडवा फिरवून. सरकारी बांधकामातली रीत एक किलो कळीला पाच लिटर पाणी, २४ तास मुरवणं, जाड फडक्यातून गाळणं, दहा लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालणं, अशी आहे. नीळ किलोला तीन ग्रॅमपर्यंत पुरते. मीठ घालू देऊ नका. भिंत ओल धरते, पत्रा-खिळे गंजतात आणि जनावरं भिंत चाटतात.

यात थोडा दोष आपलाही आहे. खरा चुना ओला असताना पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. मालक उभा राहून "पहिल्या हातातच पांढरं दिसू दे" म्हणतो, तेव्हा खडू आपणच मागवतो.

हिशोबातही मारतात. ४० बाय २० फुटांचा, दहा फूट उंच भिंतींचा गोठा म्हणजे १२० गुणिले १०, बाराशे चौरस फूट, त्यातून दारं-खिडक्या वजा. काहीजण तीन हातांचे ३६०० फूट लावतात. दर तीन हातांचा की एका हाताचा, हे आधी कागदावर घ्या. तीन हातांना अशा गोठ्यासाठी साधारण १२ ते १५ किलो कळी लागते, उघड्या जांभ्याला दीडपट. पोतं आपल्यासमोर फुटलं नाही, तर किती गेली हे कळणार नाही.

बिल घ्या, एक तृतीयांश रक्कम पंधरा दिवस मागे ठेवा. ठेकेदार कोल्हापूर बाजूचा आणि गोठा कर्नाटकात असला तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या ठिकाणीच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसेल तर मात्र ग्राहक आयोगापुढे सिद्ध करायचं काय?

फसलेल्या भिंतीवर वरून चांगला चुना मारला तर तो खडूसकट पोपड्यांनी सुटतो. आधी तारेच्या ब्रशनं पूड खरवडा, भिंत धुवा, ओलसर असतानाच पातळ तीन हात द्या, प्रत्येक हातात एक दिवसाचं अंतर ठेवा. अथणीच्या उन्हात भर दुपारी मारलेला चुना धरायच्या आधीच वाळतो आणि खडूसारखाच झडतो, म्हणून तिकडे संध्याकाळी मारा आणि सकाळी पाण्याचा हलका शिडकावा द्या. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा हवा. थेंब डोळ्यात गेला तर आधी पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा, मग दवाखाना. गव्हाणीला आतून चुना नको. पूर्ण वाळेपर्यंत दोन दिवस वासरं बाहेर बांधा, चाटायची सवय त्यांनाच जास्त.